सरकारी सड्यांची नोंद आधी बदला, मग खाणींचं बोला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर आला की कासच्या फुलांचे फोटो तुमच्या पेपरात येतात, छान वाटतं, दरवर्षी बघतो आणि घरातल्या पोरांनाही दाखवतो. पण कास हा काही एकटाच सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं सपाट पठार, नाहीये आणि बाकीच्या सड्यांवर काय चाललंय ते कुठेच नीट छापून येत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण विषयच तसा आहे, शक्य असेल तर काटछाट कमी करा.

सड्यांची ही रांग साताऱ्यापासून पाटण, शाहूवाडी, राधानगरी, आंबोली, चंदगड अशी घाटमाथ्यावरून जाते आणि खाली कोकणात रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण भागात तर गावंच्या गावं सड्याच्या कडेने वसलेली आहेत. यातल्या कासला संरक्षण मिळालं, ते वनखात्याकडे आहे, शिवाय २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात महाराष्ट्रातल्या चार होत्या, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बाकी सडे काही वनखात्याकडे, बरेचसे खासगी मालकीचे (कोकणात विशेष करून), आणि उरलेले महसूल खात्याचे, म्हणजे सार्वजनिक, आपल्या सगळ्यांचे. मी बोलतोय ते मुख्यतः या शेवटच्या सड्यांबद्दल. त्यांचा सातबारा काढून बघा. भोगवटादाराच्या जागी महाराष्ट्र शासन आणि क्षेत्र जवळपास सगळं पोटखराब्यात, लागवडीला अयोग्य. केंद्र सरकार देशभरातल्या पडीक जमिनींचा ॲटलास काढतं, त्यात २३ प्रकार केलेत, त्यातला एक उघडा खडकाळ भाग असा आहे, आपले सडे त्याच खात्यात जाऊन बसतात.

माझं सगळं म्हणणं या नोंदीबद्दल आहे. खाण आली की खाणीला विरोध, प्लॉटिंग आलं की प्लॉटिंगला विरोध, असं आपण एकेका गावात वेगवेगळं लढतो आणि दमतो, कारण फाइल साहेबांच्या टेबलावर येते तेव्हा तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की जमीन सरकारी आहे, पड आहे, झाडं नाहीत, शेती नाही, वस्ती नाही. एखादा अधिकारी मनाने कितीही चांगला असला तरी त्याला नाही म्हणायला कागदावर कारणच सापडत नाही. गावकरी मग अर्ज लिहितात, झरे आटतील म्हणून सांगतात, फुलांचे फोटो जोडतात, पण ते सगळं नंतरचं, आणि सरकारी रेकॉर्डपुढे फोटोला किती वजन असतं ते आपल्याला माहितीये.

आता सडा म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला उन्हाळ्यात गाडीतून जाताना तो काळपट लाल रखरखीत कातळच दिसतो आणि इथे काही नाहीये असंच वाटतं. सडा म्हणजे जांभ्याचं कवच. खालचा काळा दगड प्रचंड मोठ्या काळात, लाखो वर्षांच्या हिशोबात, उन्हापावसाने कुजत गेला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्याचा हा कडक थर बनला. ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट. म्हणजे हे नीट लक्षात घ्या की बॉक्साइट आणि सडा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, बॉक्साइट काढायचं म्हणजे सडाच काढून न्यायचा, वरून सोलत सोलत. चिरेखाणीतही तेच, कटर मशीन लावून चौकोनी चिरे कापत खाली जायचं. थोडी खाण आणि थोडा सडा असं शेजारी शेजारी राहतं असं वाटतं, पण पाण्याच्या बाबतीत तसं राहत नाही.

पाण्याचं सांगतो. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी भेगांतून आणि छिद्रांतून आत मुरतं, खाली चिकट मातीचा थर असतो त्यावर अडतं आणि मग आडवं सरकत सरकत सड्याच्या कडेला, जिथून उतार सुरू होतो तिथे, झऱ्यातून बाहेर पडतं. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी वाड्या बरोबर अशा झऱ्यांच्या खाली का वसल्यात याचं उत्तर यात आहे, जुन्या लोकांनी आधी पाणी बघितलं आणि मग घरं बांधली. वरचं कवच सोललं, त्यावर डंपरचे रस्ते केले, मधे खड्डे पाडले की ही मुरायची व्यवस्थाच बिघडते, पाणी एकदम वाहून जातं, जाताना लाल माती घेऊन जातं, ती खालच्या भातखाचरात आणि व्हाळात बसते, आणि पुढच्या मार्चमध्ये झरा सुकलेला. मग टँकर, मग नळयोजना, मग नळयोजनेची विहीरपण आटली म्हणून दुसरी नळयोजना. हा खर्च खाणीच्या हिशोबात कुठेच धरला जात नाही. दोडामार्ग तालुक्यात कळण्याच्या खाणीचा बांध २०२१ च्या जुलैमध्ये फुटला आणि चिखलपाणी गावात शिरलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ती लोखंडाची खाण होती, सड्यावरची बॉक्साइटची नव्हे, पण डोंगरमाथा उघडा केला की पावसाळ्यात खालच्या गावाचं काय होऊ शकतं ते त्यातून कळतं, आणि हा सगळा पट्टा इतक्या पावसाचा आहे की आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो.

आणि सरकारला हे माहीत नाही असंही नाही. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणवाल्यांकडून त्यात पैसा येतो आणि खाणबाधित गावांवर खर्च होतो, त्यात पिण्याचं पाणी हा प्राधान्याचा विषय म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे खाण आली की गावाच्या पाण्याला धक्का लागतो हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केलंय. मग जे पाणी फुकट आणि बारमाही मिळतंय ते आधी घालवायचं आणि नंतर त्याच गावाला त्याच पैशातून टाकी बांधून द्यायची, याला मी तरी विकास म्हणू शकत नाही.

सड्यावरच्या जीवांबद्दल लिहायला बसलो तर अख्खी पुरवणी लागेल. माती म्हणजे काही बोटं जाडीचा थर, कुठे तेवढाही नाही, नुसता कातळ. उन्हाळ्यात पाय ठेववत नाही इतका तापतो आणि जून ते सप्टेंबर तोच कातळ पाण्याखाली असतो. जमिनीत नत्र, स्फुरद फारच कमी. अशा जागी जगायला शिकलेल्या वनस्पती दुसरीकडे जगूच शकत नाहीत. सीतेची आसवं हे इवलंसं निळंजांभळं फूल, त्या झाडाला मातीतून पुरेसं मिळत नाही म्हणून ते पाण्यातले बारीक जीव छोट्या फुग्यांत पकडून खातं. गेंदाची पांढरी बटणं, सोनकी, तेरडे, कवला, जमिनीवरच्या आमऱ्या, कंदीलपुष्प, आणि साताऱ्याच्या सड्यांवरच्या डबक्यात येणारा वायतुरा जो दुसरीकडे कुठे मिळत नाही. कोकणातल्या सड्यांवर जूनच्या पहिल्या पावसाबरोबर दीपकाडी फुलते, पांढरीशुभ्र, आणि थोड्या दिवसांत संपते, ज्याने त्या दिवसांत सडा बघितला नाही त्याला ती आहे हे कळणारसुद्धा नाही. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे मधल्या सहा वर्षांत कुणी पाहणी केली तर लिहिणार नुसतं झुडूप.

प्राण्यांचं तसंच. आंबोलीच्या सड्यावरचा एक भेक २००९ मध्ये शास्त्राला नव्याने कळला, पहिल्या पावसात कातळावर जी उथळ डबकी साचतात त्यात तो अंडी घालतो, जगात फार थोड्या जागेत सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. २००८ मध्ये साताऱ्याजवळच्या पठारावरची जमिनीवर राहणारी एक पाल नव्याने नोंदवली गेली, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. रत्नागिरीकडच्या सड्यांवर अशीच एक पट्ट्यापट्ट्यांची पाल १९६३ मध्ये नोंदवलेली आहे. हे सगळे जीव सुट्या दगडांखाली राहतात. दगड उचलून बांध घातला किंवा जेसीबीने गोळा करून क्रशरला दिला की त्यांचं घर गेलं, आणि हे करताना त्यांचा विचारही कुणी करत नाही कारण कागदोपत्री तिथे घर नव्हतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितो. मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी घेताना जो अभ्यास करायचा असतो, ईआयए म्हणतात तो, त्याच्या ठरलेल्या अटींमध्ये हवा, पाणी, आवाज, माती, झाडं आणि प्राणी यांची मूळ माहिती एका हंगामाची घ्या असं असतं, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा असं स्पष्ट असतं, उन्हाळा, पावसाळ्यानंतरचा काळ किंवा हिवाळा. इतर ठिकाणी याचं कारण समजू शकतं, पावसात धूळ बसते, हवेचे आकडे कमी दिसतात, प्रदूषण लपू नये म्हणून पावसाळा टाळायचा. पण सड्यावर याचा परिणाम बरोबर उलटा होतो. सड्याचं सगळं जगणंच पावसाळ्यात आहे. एप्रिलमध्ये जाऊन पाहणी केली तर रिपोर्टमध्ये येणार विरळ गवत, काही झुडपं, संरक्षित प्रजाती आढळली नाही. आणि तो रिपोर्ट खोटाही नसतो, एप्रिलमध्ये खरंच तेवढंच दिसतं. कंद जमिनीत, बिया मातीत, बेडूक भेगांत. त्या एका कागदावर पन्नास-पन्नास वर्षांची लीज उभी राहते.

छोट्या खाणींचं तर अजून वेगळं. चिरा आणि डबर हे गौण खनिज, त्याचे नियम राज्याच्या हातात. पूर्वी पाच हेक्टरच्या आतल्या लीजला पर्यावरण मंजुरीच लागत नव्हती, मग एकाच डोंगराचे पाच हेक्टरच्या आत बसतील असे तुकडे करून लीज काढायच्या. सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या केसमध्ये २७ फेब्रुवारी २०१२ ला सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजालाही मंजुरी घ्यावीच लागेल. निकाल चांगला होता, पण प्रत्यक्षात एकट्या छोट्या लीजला सहसा जनसुनावणी नसते, त्यामुळे गावाला कळतं ते थेट पोकलेन वर चढताना दिसतं तेव्हा. आणि अशा पाच-सहा खाणी एकाच सड्यावर शेजारी शेजारी आल्या की एकेकीचा परिणाम छोटा आणि सगळ्या मिळून सडा संपला, पण सगळ्या मिळून किती हे प्रत्यक्षात नीट मोजलं जात नाही.

खाण सोडून बाकीचं पण आहे. पवनचक्क्या, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर त्या उभ्या राहिल्या, वीज स्वच्छ मिळते हे खरं, पण प्रत्येक पंख्यापर्यंत क्रेन जाईल असा रुंद रस्ता कातळ फोडून करावा लागतो आणि त्या रस्त्याने पाण्याची वाट बदलते, हे परवानगी देताना बघायला हवं. कोकणात कातळ सुरुंग लावून फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि आंब्याची कलमं लावायची हे सर्रास चालतं, खासगी जमिनीत शेतकऱ्याला मी नाही म्हणणारा कोण, पण सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून हेच होतं तेव्हा बोलायला हवं. घाटमाथ्यावर नवीन महाबळेश्वर म्हणून जी गिरिस्थानाची योजना आहे तिच्यात सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यातली २३५ गावं घेऊन काम सुरू झालं, नियोजनाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे. त्या आराखड्यात सड्यांना कुठला रंग देणार हा माझा साधा प्रश्न आहे. सपाट, मोकळी, सरकारी, दृश्य सुंदर, म्हणजे रिसॉर्ट आणि पार्किंगसाठी यासारखी जागा नाही असंच नकाशा करणाऱ्याला वाटणार, जोपर्यंत सडा हा वेगळा प्रकार म्हणून नकाशात येत नाही तोपर्यंत. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे नियम आहेत, नव्याला निदान तेवढे तरी आधी लावा.

आणि कृपा करून सड्यावर वृक्षारोपण थांबवा. हे वाचून काही लोकांना राग येईल, झाडं लावणं वाईट कसं असेल म्हणतील. मोठ्या कळवळ्याने, शाळेची मुलं घेऊन, जेसीबीने खड्डे पाडून लोक सड्यावर झाडं लावतात. तिथे लाखो वर्षांत झाड आलं नाही त्याला कारण आहे, आणि जे आहे ते उघड्या उन्हातलं, पाण्यातलं, निकस मातीतलं आहे. बाहेरची माती आणि शेणखत टाकलं की तिथे रान माजतं आणि मूळचं सगळं दबून मरतं. खाण कंपन्यांचा खाण बंद करण्याचा प्लॅनही हाच असतो, खड्डा भरून वर माती पसरून ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर काजू लावायचे आणि फोटो काढून पुनर्वसन झालं म्हणून दाखवायचं. झाडं दिसतात, हिरवं दिसतं, पण सडा परत आलेला नसतो, तो येऊच शकत नाही, जांभ्याचं कवच माणसाला बनवता येत नाही. म्हणून सड्याच्या बाबतीत नुकसानभरपाईचं वनीकरण ही कल्पनाच लागू होत नाही असं माझं ठाम मत आहे.

माणसांचं पण लिहितो, नाहीतर म्हणतील यांना फुलं दिसतात माणसं दिसत नाहीत. सड्यावर गुरं चरतात, गवळी-धनगरांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगल्या, गावात पावसाळ्यात गवत तिथून येतं, खोलगट जागी थोडं भात, थोडी नाचणी होते. कोकणातल्या सड्यांवर तर आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत, कशेळीच्या सड्यावरचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी. अजूनही नवीन नवीन सापडताहेत, म्हणजे कुठल्या सड्यावर काय आहे हे पूर्ण बघून झालेलंच नाही. आणि ज्या जागेला पडीक म्हणतो तिथेच राज्यातला इतका जुना वारसा निघतोय.

रोजगाराचा प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. चिरेखाणीवर, डंपरवर, क्रशरवर गावातल्या पोरांची घरं चालतात आणि कोकणात घर बांधायला चिरा लागतोच, माझंही घर चिऱ्याचंच आहे. पण म्हणून प्रत्येक नवी लीज नव्या सड्यावर कशाला? ज्या खाणी आधीच उघडल्यात त्यांतला माल नीट आणि पूर्ण काढा, अर्धवट सोडून पुढे जायचं बंद करा, सोडलेल्या खाणींना कुंपण घाला कारण पावसात त्या भरतात आणि त्यात गुरं आणि मुलं पडतात. बॉक्साइटचं तर रोजगाराचं गणितही तितकं मोठं नाही, मशीनने काढायचं आणि ट्रकने बाहेर न्यायचं, काही वर्षांत साठा संपतो, कंपनी जाते आणि गावाकडे सडाही नाही आणि कामही नाही. सडा शाबूत असेल तर झरे, गवत, गुरं, पर्यटन हे सगळं पुढच्या पिढीलाही राहतं. कासला रोज येणाऱ्या लोकांच्या संख्येवर मर्यादा घातली, बुकिंग केलं, आणि आजूबाजूच्या गावांच्या वन समित्या ते काम बघतात, त्यातून गावातल्या लोकांना पैसे मिळतात. त्यातही अडचणी आहेत, गर्दी आहे, पण रस्ता दिसतो.

कुणी म्हणेल पश्चिम घाटासाठी एवढे अहवाल आले, त्यात हे सगळं येतंच की. येतं पण आणि येत नाही पण. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडलं. त्यात सगळ्यात संवेदनशील पट्ट्यात नवीन खाण नको आणि असलेल्या २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करा असं होतं. मग कस्तुरीरंगन समिती, एप्रिल २०१३, घाटाचा ३७ टक्के भाग संवेदनशील. त्यावरून मार्च २०१४ मध्ये पहिली मसुदा अधिसूचना निघाली, आणि जुलै २०२४ मध्ये सहावी. सहावी! दहा वर्षांत मसुद्यामागून मसुदे. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर त्यात धरलंय आणि खाणबंदीचं कलम त्यात आहे, ते लागू झालं तर खूप काही वाचेल, म्हणून ती अंतिम व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण तिच्यातही गावांची यादी ठरली ती उपग्रहावरून दिसणाऱ्या झाडोऱ्याच्या आधाराने, गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं तर गाव यादीत. बिनझाडाचा सडा उपग्रहाला काय दिसणार? जे गाव यादीत नाही त्याचा सडा मोकळाच राहिला. म्हणून पुन्हा नोंदीवरच येतो.

खाण थांबवता येते हे याच देशात घडलंय. ओडिशात नियमगिरीच्या माथ्यावर बॉक्साइटच होतं, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं, खाण झाली नाही. कर्नाटकात कुद्रेमुखची लोखंडाची खाण, सरकारी कंपनीची, कोर्टाच्या आदेशाने २००५ च्या शेवटी बंद झाली. पण नियमगिरीला वनहक्क कायदा आणि आदिवासींची श्रद्धा पाठीशी होती, कुद्रेमुखला राष्ट्रीय उद्यान होतं. तिथे कोर्टाला धरायला काहीतरी होतं. आपल्या महसुली सड्याला धरायला काय आहे, पोटखराबा?

तर करायचं काय. नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी मोकळी जमीन गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी, वनासाठी किंवा इतर सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात, आणि एकदा राखून ठेवली की दुसऱ्या वापराला सहज देता येत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी सड्यांचे गट नंबर काढून, पाण्याचे झरे आणि चराई या कारणाने ते राखून ठेवावेत. त्यासाठी तलाठ्याला एप्रिलमध्ये पाठवू नका, पावसाळ्यात पाठवा, सोबत स्थानिक कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या मास्तरांना आणि गावातल्या गुराख्याला घ्या, कुठला झरा कुठल्या सड्याचा हे त्याला जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं. तोपर्यंत त्या गटांवर नवीन लीज, नवीन बिनशेती, काही नको. ईआयएच्या अटींमध्ये सड्यांपुरता पावसाळी हंगाम सक्तीचा करा, हे केंद्राकडे राज्य सरकारने मागायला हवं आणि राज्याच्या तज्ज्ञ समितीला स्वतःहूनही घालता येईल अशी ही अट आहे.

आणि जैवविविधता कायदा २००२ चं कलम ३७ आहे, जैवविविधता वारसा स्थळ. आंबोलीतल्या हिरण्यकेशीला २०२१ मध्ये तो दर्जा मिळाला, दोन हेक्टरच्या आसपासची जागा आणि तीसुद्धा तिथेच सापडलेल्या एका छोट्या माशासाठी. एका माशासाठी होऊ शकतं तर एका सड्यासाठी का होऊ नये, जिथे त्या सड्याशिवाय कुठेच नसलेल्या गोष्टी आहेत? प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून जाऊ शकतो. समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे, निदान कागदावर, आणि लोक जैवविविधता नोंदवही पण असते. सड्याखालच्या गावांनी एवढं करावं, आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही मागावी, आणि तिच्यात सडा, त्यावरची फुलं, डबकी, झऱ्यांची नावं लिहिलीत का ते बघावं. नसतील तर येत्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावून लिहून घ्यावीत, ठरावाची नक्कल जिल्हाधिकारी आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी दोघांना पोचवावी आणि पोच घ्यावी.

तुमच्याकडे एक मागणं आहे. या पाच जिल्ह्यांत सरकारी जमिनीवरच्या खाणींचे किती अर्ज सध्या प्रलंबित आहेत, कुठल्या गावात, कुठल्या गटात, ही माहिती तुमच्या जिल्हा प्रतिनिधींनी खनिकर्म शाखेतून मिळवून तालुकावार छापावी. लीज मंजूर झाल्यानंतरची बातमी नको, अर्ज असतानाची हवी, म्हणजे हरकत घ्यायला गावाकडे वेळ राहील.

आपला,
घाटमाथ्यावरचा एक नियमित वाचक